आवडीच्या गाण्याचा रविवार

गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि तिच्या हातातली कवळी फिरत्या ब्रशवरून निसटून भिंतीवर आपटली. पुढचे दोन दात तुटून टेबलाखाली गेले. दातांच्या लॅबमधल्या बाकीच्यांनी मान वर करून पाहिलं. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही कवळी पडली नव्हती. पण तिचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. कानात इअरफोन होता, आणि त्यातून एक पोरगेला आवाज अगदी गोड सुरात तिचं गुपित गात होता.

*भरला पेला हाती, पाय दारात थांबले,*
*तो हाक मारी आतून, मी ऐकून न ऐकले.*
*थकले हात माझे, प्रभू, आता तूच ये,*
*त्याला तुझ्याकडे ने, मला झोप दे.*

मागे गिटार, ढोल, आणि मग तीच ओळ पुन्हा. पुन्हा. पुन्हा. या नव्या गाण्यांची ही एक खोड आहेच. एक ओळ सापडली की ती अकरा वेळा म्हणायची, प्रभूला कमी ऐकू येत असल्यासारखी. एरवी तिला हेच आवडायचं. कवळीला पॉलिश करताना डोकं लागत नाही, हात आपोआप चालतात. अशा वेळी कानात एकच ओळ घोळत राहिली की दुपार कशी सरते कळत नाही. जुनी स्तोत्रं सासूबाईंची, नवी गाणी तिची, अशी घरात वाटणीच झालेली होती. तिच्या मोबाइलमध्ये आवडीच्या गाण्यांची यादी होती, सदतीस गाण्यांची, आणि हे अडतिसावं असणार होतं. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्याच गायकचमूने बसवलेलं, घरचं गाणं. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं. सकाळपासून तीन जणींनी तिला तेच पाठवलं होतं.

तिने इअरफोन काढून ठेवला.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावर मेणात दात बसवणारीने विचारलं.

"काही नाही. निसटली."

काही नाही कसं? सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सात महिने अंथरुणावर होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ताप आला, तो मेंदूत गेला, आणि सहा फुटांचा माणूस पुढच्या खोलीत आडवा झाला. माणसं ओळखेना. नीट गिळता येईना. पण ओरडता यायचं. दर दहा मिनिटांनी तो पाणी मागायचा, पेला तोंडाशी नेला की हाताने उडवून द्यायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मागायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती आणि सासूबाई पाळ्या लावून जागायच्या. दिवसा ती दुसऱ्यांचे दात घासायची आणि घरी येऊन पुन्हा पेला धरायची. पाचव्या महिन्यात एकदा त्याने हाक मारली, तिने पेला भरला, दारापर्यंत गेली आणि थांबली. आत गेलीच नाही. तो ओरडत राहिला आणि ती भरलेला पेला धरून बाहेर उभी राहिली, अर्धा तास तरी.

त्या रविवारी तिने चिठ्ठी लिहिली.

त्यांच्या उपासनाघरात दाराजवळ एक लाकडी विनंतीपेटी आहे. ज्याला जे मागायचं ते त्याने कागदावर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही, चार घड्या करून पेटीत टाकायचं. महिन्यातून एकदा पेटी उघडतात आणि सगळ्या चिठ्ठ्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळतात. कुणी वाचत नाही. वाचायचं नाही, हा नियम पेटीपेक्षा जुना. म्हणूनच तर माणसं तिथे पाळकांनाही जे सांगता येत नाही ते लिहितात. तिने लिहिलं होतं: *हे पाणी मागत होते आणि मी पेला घेऊन दाराबाहेर उभी राहिले. आता यांना ने. मला झोपू दे.*

आणि दोन महिन्यांनी नवरा उठून बसला. आधी तिला ओळखलं, मग चमचा धरला, मग काठी. आता पुन्हा कामावर जात होता, लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता, जेवताना मीठ कमी म्हणून कुरकुरत होता. तिने मागितलेलं देवाने दिलं नव्हतं आणि त्याबद्दल ती रोज देवाचे आभार मानायची, पण आभार मानताना मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

ती चिठ्ठी आता ढोलाच्या तालावर गावभर वाजत होती.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तर दारातच तिला तो सूर ऐकू आला. नवरा आरशासमोर उभा राहून दाढी करत होता आणि गात होता. हेच.

"ऐकलंस का?" तो फेसाळल्या तोंडाने म्हणाला. "काय गाणं आहे! मी दिवसभर हेच ऐकतोय."

"तुम्हाला कशाला आवडलं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कशाला म्हणजे? अगं, माझंच गाणं आहे ते. कुणीतरी आपलं आजारी माणूस देवाच्या हवाली करतंय. आता तूच सांभाळ म्हणतंय. तुम्ही दोघींनी तेच केलंत ना?" तो तिच्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, साबणाचं नव्हतं. "या रविवारी माझी पाळी आहे. मी हेच म्हणणार."

तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि परत खांद्यालाच अडकवली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळीत आवडीच्या गाण्याची पाळी असते. एकाने पुढे यायचं, हे गाणं मला का आवडतं ते दोन शब्दांत सांगायचं आणि म्हणायचं. सूर लागो न लागो. गेल्या महिन्यात दूधवाल्या काकांनी असं काही म्हटलं की पाळकांनी रुमालात तोंड घालून हसू लपवलं. पण मन मोकळं करायला बरं असतं ते. नवरा बरा झाल्यापासून या पाळीची वाट पाहत होता.

"काय ते रडगाणं!" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "बंद कर आधी. दुसरं काही म्हण. चांगली जुनी स्तोत्रं पडली आहेत ढीगभर."

"आई, तू नीट ऐकलं तरी आहेस का?"

"ऐकलंय," सासूबाई म्हणाल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. पण त्या मुलाकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. नजर अशी की सुनेने मान खाली घातली. कळलंय यांना, तिला वाटलं. पेल्यावरून ओळखलं. रात्री कधीतरी उठल्या असतील, मला दाराबाहेर उभी पाहिली असेल. त्या संध्याकाळपासून दोघींची नजरानजर झाली की दोघीही काहीतरी शोधायला लागायच्या, चमचा नाहीतर चष्मा.

शुक्रवारी मंडळीच्या ग्रुपवर निरोप आला आणि उरलीसुरली झोपही उडाली. गाणं ज्यांनी लिहिलं त्या सलूनवाल्या भाऊंनी लिहिलं होतं: *या रविवारी गाण्यामागची गोष्ट सांगणार आहे. हे शब्द मला एका चिठ्ठीतून मिळाले. ती चिठ्ठी वाचून दाखवीन. सर्वांनी यावे.* खाली जोडलेल्या हातांची रांग.

वाचून दाखवणार. नवरा शेजारी उभा असताना. पेला, दार, यांना ने, सगळं. तो एवढा भोळा नव्हता की पुढचं कळू नये. आपल्याला जगवण्यासाठी जिने रात्री जागून काढल्या तीच आपलं मरण मागत होती, हे त्याला भर उपासनेत, हातात माइक असताना कळणार होतं.

शनिवारी तिने लॅबमधून दोन तास सुट्टी घेतली आणि सरळ सलूनमध्ये गेली.

ते पुरुषांचं सलून होतं. तीन खुर्च्या, तीन आरसे, कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला कीबोर्ड. सलूनवाले भाऊ एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होते. बाई आत आलेली पाहून ते गोंधळले.

"वहिनी? त्यांच्या पाळीबद्दल का? काळजी करू नका, सूर मी खाली घेतलाय त्यांच्यासाठी."

तिने गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "भाऊ, ती चिठ्ठी माझी आहे."

त्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. चेहरा असा झाला की त्यांचीच हजामत कुणीतरी बिनपाण्याने केली असावी.

"तुमची?"

"चिठ्ठ्या जाळायच्या असतात. वाचायच्या नसतात. तुम्हाला पेटीची किल्ली कशाला दिली होती? एवढ्या विश्वासाने?"

"जाळतच होतो," ते खुर्चीवर बसत म्हणाले. गिऱ्हाइकाच्याच खुर्चीवर. "दीड वर्षं होऊन गेलं त्याला. त्या दिवशी वारा होता. एक चिठ्ठी डब्यातून उडाली आणि उघडी होऊन माझ्या पायाशी पडली. एकच, वहिनी. बाकीच्या सगळ्या जळाल्या, देवाशप्पथ, एकही वाचली नाही. पण ही वाचली गेली. आणि तेव्हा माझे वडील अंथरुणावर होते. आम्ही दोघंच घरात. मलाही तेच मागायचं होतं आणि माझी हिंमत होत नव्हती. मला वाटलं, ही कुणी लिहिलेली नाही, ही मला आलेली आहे. वरून. म्हणून जाळता आली नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "खाली नाव नव्हतं. मी असा विचारच केला नाही की नाव नसलं तरी माणूस असतोच."

तिला त्यांचा राग आला होता, भरपूर आला होता, पण माणूस इतका पडलेला दिसत होता की आणखी काय पाडायचं.

"ती मला द्या. आणि उद्या काही सांगू नका."

त्यांनी वस्तऱ्यांच्या खणातून एक पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने चिठ्ठी उलगडली.

अक्षर तिचं नव्हतं.

पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षरं मोठी, सुटी सुटी, एकालाही वर रेघ नाही. असं अक्षर ती गेली बारा वर्षं रोज बघत होती. तेल आणा, साबण संपला, गॅसवाला आला होता. सासूबाईंना अक्षरांवर रेघ ओढायचा कंटाळा. कशाला हवी, कळतंय ना, म्हणायच्या.

*प्रभू लेकरू हाका मारतं आणि मी पेला भरून दारातच उभी राहते. पाय उचलत नाही. हात थकले. तूच दिलंस आता तूच ने. माझ्या पोटच्या पोराला ने. मग मला झोप लागेल.*

तिने ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरं हलायला लागली. आरशाच्या कडेला हात टेकून ती उभी राहिली. तीन आरशांत तीन बाया, तिन्हींची तोंडं उघडी. सासूबाई! जिने मुलाच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही, जी त्याचा घास स्वतः चावून मऊ करून द्यायची, जिने डॉक्टरला "तुम्ही आशा सोडा, मी नाही सोडणार" असं तोंडावर सुनावलं होतं, ती! तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटून आपण दोन वर्षं मान खाली घातली होती. आणि ती त्याच दारात, त्याच पेल्यासकट.

"वहिनी," सलूनवाले भाऊ हळूच म्हणाले, "एक विचारू? यात पोटच्या पोराला असं आहे. गाण्यात मी ते बदललं. पण तुम्हाला तर..." ते थांबले. तिला मूल नव्हतं हे सगळ्या मंडळीला माहीत होतं.

"माझीच आहे ती," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. उठून ते कैच्या पुसायला लागले. "तुमचीच आहे," ते म्हणाले. "मी उद्या नुसता कीबोर्ड वाजवीन."

घरी जाताना तिला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. बसमध्ये तिने ठरवून टाकलं. म्हातारीला सांगायचं. एवढं ओझं एकटीने कशाला वाहायचं? आपण दोघी एकाच नावेत होतो हे कळलं तर सासूबाई पहिल्यांदाच सुखाने झोपतील. गळ्यात पडतील कदाचित. बारा वर्षांत पडल्या नव्हत्या, पण आज पडतील. अशी ती सगळं मनात रंगवत गेली.

नवरा गाण्याच्या तालमीला गेला होता. सासूबाई टेबलाशी बसून त्याच्या जुन्या शर्टाची बटणं कापून डबीत टाकत होत्या. तिने चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

सासूबाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. घडीवरूनच ओळखली. कात्री हातात तशीच राहिली.

"त्याने वाचली?" एवढंच त्या म्हणाल्या.

"नाही. कुणी वाचणारही नाही. मी सांगितलं, माझी आहे म्हणून."

"तू का असं सांगितलंस?"

"कारण मला तसंच वाटलं होतं." तिने त्यांचा हात धरला. "आई, मीही लिहिली होती. असंच. पेला घेऊन मीही उभी राहिले होते. मीही मागितलं होतं, यांना ने म्हणून."

सासूबाईंनी हात असा ओढून घेतला की बटणांची डबी उपडी झाली.

"तू?"

"आई—"

"तू मागितलंस? माझ्या मुलाचं मरण?" त्या उभ्या राहिल्या होत्या. "मी मागितलं. मी मागू शकते. मी त्याला जन्म दिलाय, नऊ महिने वाहिलाय, मला काय वाटलं असेल ते माझं आणि देवाचं. तू कोण? तुला कुणी हक्क दिला? मी तुझ्या भरवशावर त्याला सोडून दोन घटका डोळा मिटायचे! तू तिथे उभी राहून हे मागत होतीस?"

हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नवऱ्याला कळेल, मंडळीत तोंड काळं होईल, सगळं तिने धरलं होतं. पण जिने स्वतः तेच मागितलं तीच आपल्याला खुनी म्हणून बघेल, हे धरलं नव्हतं. मी तिथे बायको म्हणून उभी होते, असं म्हणावंसं वाटलं. पण तेवढ्यात सासूबाई चिठ्ठी मुठीत चुरगाळून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. ती गुडघ्यांवर बसून बटणं वेचत राहिली.

रात्रीचं जेवण तिघांनी केलं. बोलला फक्त नवरा.

रविवारी उपासनाघर भरलं होतं. सासूबाई नेहमीच्या बाकावर बसल्या, ती शेजारी. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. सलूनवाले भाऊ कीबोर्डमागे खाली मान घालून बसले होते. गोष्ट नाही का सांगत, असं कुणीतरी मागून विचारलं, तर म्हणाले, "गोष्ट काही नाही. गाणं आहे तेवढं आहे."

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे गेला. माइकवर दोनदा टिचकी मारली. "मला बोलता येत नाही," तो म्हणाला, "मला फक्त लिफ्ट चालू करता येते." सगळे हसले. "पण मी सात महिने बंद पडलो होतो, आणि दोन माणसांनी मला वर आणलं. या गाण्यातलं माणूस दारात उभं आहे, तसं कुणीतरी माझ्या दारात उभं होतं. रोज. म्हणून हे माझं सगळ्यात आवडीचं गाणं. त्या दोघींनी इथे यावं, माझ्या शेजारी उभं राहावं, एवढंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्या तोंडाने जायचं पुढे? तेवढ्यात तिचं मनगट कुणीतरी धरलं. सासूबाई. मधली जागा ओलांडून त्यांनी ते धरलं होतं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"ऊठ," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "आणि हस."

दोघी उठल्या. पुढे जाऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं होतं, पण सासूबाईंनी मनगट सोडलंच नाही, म्हणून दोघी एकाच बाजूला उभ्या राहिल्या. कीबोर्ड सुरू झाला. नवरा बेसूर, पण मनापासून गायला लागला. दुसरं कडवं आलं. *त्याला तुझ्याकडे ने.* सगळी मंडळी त्याच्याबरोबर म्हणत होती, हात वर करून, डोळे मिटून. पुन्हा. पुन्हा. तिच्या हसऱ्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि लोकांना ते फार गोड दिसत असणार.

गाण्याच्या गलक्यात सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"तू किती वेळा मागितलंस?"

"एकदा," ती कशीबशी म्हणाली. "एकदाच, आई."

सासूबाईंची पकड सैल झाली. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. तो डोळे मिटून गात होता.

"मी रोज मागत होते," त्या म्हणाल्या.